न हलणाऱ्या निमकर बाई

निमकर बाईंची सुई उभी असली की थांबायचं, ही गोष्ट आमच्या कचेरीत नव्या माणसाला पिण्याचं पाणी कुठे आहे हे सांगण्याच्या आधी सांगितली जाई. सुई म्हणजे विणकामाची, स्टीलची, लांब. तिने बाईंनी कधी काही विणलेलं मी पाहिलं नाही. प्रुफाच्या ओळीखाली ती आडवी धरायची आणि ओळ संपली की एक ओळ खाली सरकवायची, एवढाच तिचा उपयोग. मध्येच कोणी टेबलापाशी आलं, तर बाई मान वर न करता सुई उभी करीत. ओळ संपली की सुई पुन्हा आडवी होई आणि बाई म्हणत, "हं, बोला. थोडक्यात."

आमचं प्रकाशन नारायण पेठेत, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. परीक्षांची पुस्तकं, काही पाठ्यपुस्तकं आणि एक शब्दकोश, ज्याच्या जिवावर बाकीचं चालतं. मी तिथे हिशेब पाहतो. बाई मुद्रितशोधक, म्हणजे छपाईला जाण्याआधी शेवटचं वाचणाऱ्या. त्यांच्यामागे तपासणारं कोणी नाही. थोरले साहेब, म्हणजे ज्यांनी प्रकाशन काढलं ते, पाहुण्यांना आत आणताना आवाज खाली घेऊन म्हणत, "बाई वाचताहेत." देवळात कोणी जपाला बसलं असावं तसं.

बाईंची वाचायची रीत मी अनेकदा पाहिली आहे, कारण आकड्यांचे तक्ते असले की त्या मला बोलावीत. "हिशेबनीस, या. तुमच्या आवडीचं आहे." माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी मूळ प्रतीवरून मोठ्याने वाचायचं आणि त्यांनी प्रुफावर ताडून पाहायचं. एकदा मी जरा भरभर वाचलं, तर त्यांनी सुई उभी केली. "अहो, आकडे वाचताय की बसचे थांबे पुकारताय?" नेहमीचा मजकूर मात्र त्या एकट्याच वाचत. प्रत्येक ओळ दोनदा. पहिल्यांदा अक्षरं, दुसऱ्यांदा अर्थ. "डोळा पुढे पळतो," त्या म्हणत. "त्याला मागे ओढून आणायचं, एवढंच या नोकरीत काम आहे." वाचताना त्या अजिबात हलत नसत. मानही नाही. एक हात सुईवर, दुसरा मूळ प्रतीवर. शब्दकोशाचं एक पान त्यांना पंधरा-वीस मिनिटं सहज पुरे. त्यात आळस नव्हता. मी शेजारी बसलेला असल्यामुळे हे खात्रीने सांगतो.

माणूस म्हणून मात्र बाई सोप्या नव्हत्या. उपाहारगृहातल्या माणसाला त्याच्या दरपत्रकातल्या चुका सांगून झाल्यावरच त्या चहा मागत. माझ्या मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायला गेलो, तर "अभिनंदन" म्हणाल्या आणि लगेच, "पत्रिका छापायच्या आधी दाखवा, नंतर नको." दाखवली. चूक निघाली नाही. त्याचा त्यांना थोडा राग आला असावा, कारण त्या म्हणाल्या, "मजकूर ठीक आहे. पण कागद फार जाड घेतलात."

थोरले साहेब गेले आणि त्यांचा मुलगा रोहन कारभार पाहू लागला. मुलगा वाईट नाही. खराडीतल्या एका संगणक कंपनीत काही वर्षं काढून आला होता, त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट मोजायची सवय होती. ही सवय मलाही आहे, म्हणून सुरुवातीला आमचं जमलं. त्याने कागदी प्रुफं बंद केली. सगळ्यांच्या टेबलावर संगणक आले, आणि परवान्यांचा खर्च नको म्हणून त्यांवर लिनक्स ही फुकटातली प्रणाली. कागद वाचला, वीज थोडी वाढली, एकूण फायदाच झाला. मी तसं लिहूनही दिलं होतं.

बाईंनी तक्रार केली नाही. कागदावर धरायची ती सुई त्या आता पडद्यासमोर धरू लागल्या, काचेला टेकू न देता, केसभर अंतर ठेवून. कळफलक बाजूला सारला, माऊस त्याच्याही पलीकडे. पान संपलं की एक कळ दाबायची, पुढचं पान आणायचं, की पुन्हा सुई.

आणि दहा मिनिटं झाली की पडदा काळा.

संगणकाची समजूत अशी की कोणी कळ दाबत नाही, माऊस हलवत नाही, म्हणजे समोर माणूस नाही. मग तो पडदा विझवून टाकतो आणि वर कुलूपही लावतो. उघडायचं तर परवलीचा शब्द टंकायचा. रोहनच्या नियमाप्रमाणे त्या शब्दात एक मोठं अक्षर आणि एक आकडा हवा. बाईंनी इंग्रजी अक्षरांत 'मी इथेच आहे' असं लिहून पुढे एक आकडा लावला होता. हे मला कळलं कारण एकदा तो टंकताना त्या मोठ्याने बोलल्या. ओळीच्या मध्यात काळोख व्हायचा, डोळा सुटायचा, 'मी इथेच आहे' टंकायचं, आणि पान पुन्हा वरून सुरू करायचं. पुन्हा वरून का, जिथे राहिलं तिथून का नाही, असं मी विचारलं.

"झोपेतून उठवलेला माणूस जिथे होता तिथेच असतो का?" त्या म्हणाल्या.

हे एवढंच असतं, तर कटकट म्हणून सोडून देता आलं असतं. पण रोहनने सगळ्या संगणकांवर एक मोजणीचा प्रोग्रॅम बसवला होता. कोण किती वेळ कामात आणि किती वेळ रिकामा, याचा तक्ता दर महिन्याला त्याच्याकडे जाई. पहिल्याच तक्त्यात निमकर बाई सर्वांत खाली निघाल्या. दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ रिकामा. सर्वांत वर दिघे, आमचा अक्षरजुळणी करणारा, जो दुपारभर एका खिडकीत क्रिकेटचा धावफलक उघडून बसे.

रोहनने मला आत बोलावलं. "काका, हे बघा. मॅडमचं आयडल किती आहे! मी पर्सनली काही म्हणत नाहीये, पण डेटा आहे ना हा."

"त्या वाचत असतात," मी म्हणालो.

"वाचताना स्क्रोल तर करतो ना माणूस?"

"त्या नाही करत."

"मग पुढच्या महिन्यातही असंच आलं तर त्यांना पर-पेज देऊ. घरून करतील. टेबलपण मोकळं होईल. त्यांनाही रिलॅक्स."

म्हणजे पगार बंद, पानामागे पैसे. ज्या बाई एक पान दोनदा वाचतात त्यांना पानावर मोजायचं. शब्दकोशाची नवी आवृत्ती तेव्हा 'म'पर्यंत आली होती. बाईंची खुर्ची गेली तर पुढचा 'य' ते 'ज्ञ' कोण वाचणार, हे रोहनने ठरवलेलं नव्हतं. मला वाटलं, मुळात तो काळा पडदाच बंद केला तर प्रश्न मिटेल. सेटिंग तर आहे. लिनक्समध्ये सगळी सेटिंगं करता येतात, असं रोहनच म्हणाला होता. "बदला की काका, मला काहीच प्रॉब्लेम नाही."

त्यानंतरचे दिवस मला आठवले की अजूनही चीड येते.

मेनूत स्क्रीनसेव्हर नावाची जागा सापडली. तिथे खूण होती, ती काढली. बाईंना म्हणालो, आता वाचा. दहा मिनिटांनी पडदा काळा. कुलूप मात्र लागलं नाही, एवढी प्रगती. मग कळलं की विजेची व्यवस्था पाहणारा एक वेगळा प्रोग्रॅम आहे आणि पडदा विझवण्याची त्याची स्वतःची वेळ आहे. तिथे तीन पट्ट्या होत्या, एक पडदा काळा करण्याची, दुसरी झोपवण्याची, तिसरी पार बंद करण्याची. तिन्ही 'कधीच नाही' या टोकाला नेल्या. बाईंना म्हणालो, आता वाचा. पडदा काळा.

यातला खरा छळ असा की बदल केला की तो लागू झाला का हे पाहायला दहा मिनिटं कशालाही हात न लावता बसावं लागे. मला ते जमेना. सवयीने हात माऊसवर जाई आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. बाई मात्र आपल्या वाचत बसत. त्यांच्याएवढं चांगलं तपासणीचं साधन मला मिळालं नसतं. मी पाठीमागे खुर्ची टाकून, हात काखेत धरून बसायचो. पडदा विझला की बाई मागे न वळता म्हणत, "गेले हो."

"घरात तीन जणांना दिवे घालवायची खोड असली की असं होतं," मी वैतागून म्हणालो. "एकाला सांगावं तर दुसरा घालवतो."

"आमच्याकडे एकच होते," बाई म्हणाल्या. "पण तिघांचं काम करायचे." निमकरांबद्दल त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एवढं एकच वाक्य. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती.

तिसरा दिवे घालवणारा या दोघांच्याही खाली बसलेला निघाला. पडद्यावर चित्र काढणारी जी मूळ यंत्रणा, तिच्यातच दहा मिनिटांची सवय घातलेली असते. तिच्यासाठी मेनूत जागा नाही. टर्मिनल नावाच्या खिडकीत 'एक्ससेट' असा शब्द लिहून पुढे 'एस ऑफ' म्हणायचं, मग पुन्हा 'एक्ससेट' आणि 'वजा डीपीएमएस'. मी ते एका कागदावरून उतरवलं, अक्षर न अक्षर ताडून. पडदा काळा झाला नाही. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. बाईंनी पान संपवलं आणि पहिल्यांदाच सुई टेबलावर ठेवली.

"जमलं की हो तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला आणि दहा मिनिटांनी पडदा काळा. त्या आज्ञा दर लॉग-इनला विसरल्या जातात, हे कुठेच ठळक लिहिलेलं नव्हतं. संगणक सुरू होताना त्या आपोआप चालाव्यात म्हणून आणखी एका जागी त्यांची नोंद करायची असते. ती जागा सापडायला माझा अजून एक दिवस गेला. बाई म्हणाल्या, "यांच्यापेक्षा आमचा जुना रद्दीवाला बरा. त्याला एकदा सांगितलेलं वर्षभर लक्षात राहायचं."

या सगळ्या खटपटीत दिघे एक दिवस जेवणाच्या सुट्टीत आला. मनाने चांगला मुलगा. त्याने आपलं मनगटी घड्याळ काढलं आणि बाईंचा माऊस उचलून त्याच्या काचेवर ठेवला. सेकंदकाटा फिरला की माऊसच्या पोटातल्या दिव्याला वाटे कोणी हलवतंय. पडद्यावरचा बाण बारीक थरथरत राहिला.

"बघा बाई. ना सेटिंग, ना काही. मी रोज हेच करतो. माझा रिपोर्ट बघितलात ना?"

मला ते पटलं नाही. खोटी नोंद ती खोटीच, कोणाच्याही फायद्याची असली तरी. पण बाई अडचणीत होत्या, म्हणून मी त्याला अडवलं नाही. बाईंनी त्या थरथरणाऱ्या बाणाकडे बराच वेळ पाहिलं.

"म्हणजे मी घरी गेले तरी हे माझ्या नावाने काम करत राहणार?"

"करेल की."

"मग पगारही त्यालाच द्या." माऊस उचलून त्यांनी घड्याळ दिघेच्या हातात ठेवलं. "आणि हे पाच मिनिटं मागे आहे. लावून घ्या."

मी चिडलो. दिघे गेल्यावर म्हणालो, "बाई, निदान मधूनमधून हाताने तरी हलवा. दर पाच मिनिटांनी एक धक्का. काय जातं?"

"ओळ जाते," त्या म्हणाल्या आणि सुई उचलली.

मी त्यांच्याशी त्या दिवशी पुढे बोललो नाही. मी यांच्यासाठी आपली कामं मागे ठेवून टर्मिनलमध्ये डोकं घालतो आणि यांना बोट हलवायला नको. हा हट्ट आहे, असं मला तेव्हा वाटत होतं. आजही थोडं वाटतं.

शेवटी मी रोहनलाच म्हणालो, एकदा त्यांच्याशेजारी बसून बघ. तो आला, याचं श्रेय त्याला दिलं पाहिजे. नेमकं काय होतं ते दिसावं म्हणून त्याने बाईंच्या संगणकावरचे माझे बदल तेवढ्यापुरते मागे घेतले. शब्दकोशाचं पान उघडलं. बाई वाचू लागल्या. रोहन आधी नीट बसला, मग फोन पाहू लागला, मग फोन ठेवून पाय हलवू लागला. बाईंची सुई मुंगीच्या चालीने खाली येत होती. पडदा एकदम मंद झाला, विझायच्या आधी होतो तसा. आणि रोहनचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने माऊस हलवला. पडदा उजळला.

बाईंनी सुई उभी केली. ओळ संपेपर्यंत आम्ही दोघे थांबलो. मग त्या म्हणाल्या, "रोहनसाहेब, एक विचारू? आत्ताची दहा मिनिटं कामाची लागली. ती तुमच्या नावावर की माझ्या?"

रोहन हसला. मला वाटलं, कळलं याला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "काका, पॉइंट आहे मॅडमचा. पण मला काहीतरी मेझर तर करायलाच हवं ना?"

"जे मोजता येतं तेच मोजायचं, हा हिशेब नव्हे," मी म्हणालो. "आयुष्यभर आकडे लिहीत आलोय मी. हा आकडा बरोबर आहे. पण तो कळा दाबल्याचा आहे, वाचल्याचा नाही."

"मग वाचल्याचा आकडा कसा काढायचा, सांगा."

मी टेबलाशी परतलो आणि मागे राहिलेली बिलं पुढ्यात ओढली.

महिन्याच्या उरलेल्या दिवसांत बाईंचा पडदा एकदाही विझला नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत जागा. कुलूप नाही, 'मी इथेच आहे' नाही. बाईंनी 'व' संपवला. एका दुपारी मला बोलावून त्यांनी डब्यातली कोथिंबीर वडी दिली आणि म्हणाल्या, "तुम्ही केलेलं टिकलं बरं का." त्यांच्या मोजमापात ही मोठी गोष्ट होती.

मग तक्ता आला. निमकर बाई सर्वांत खाली. आकडा आधीपेक्षा वाईट.

मला वाटलं प्रोग्रॅम चुकला. पुन्हा पाहिलं. चुकला नव्हता. पडदा विझवणारे तिघे वेगळे आणि मोजणारा वेगळा. पडदा जागा आहे की झोपलेला याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. शेवटची कळ कधी दाबली, एवढंच तो विचारत होता. आधी निदान काळोख झाला की बाईंना परवलीचा शब्द टंकावा लागे आणि तेवढ्या कळा कामात धरल्या जात. आता त्याही गेल्या. मी आठवडाभर खपून बाईंच्या रिकाम्या वेळेचा आकडा वाढवून ठेवला होता. टेबलावर हात आपटावा असं मला आयुष्यात फार वेळा वाटलेलं नाही. त्या दिवशी वाटलं.

बाईंना मीच सांगितलं. त्यांनी सुई उभी केली नाही, कारण त्या वाचत नव्हत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे दिवे घालवणारा वेगळा आणि चहाडी करणारा वेगळा. अहो, मग आपण भलत्याच माणसाशी भांडत होतो."

रोहनने पानामागचा दर बराच चांगला दिला होता. तो दर मीच काढून दिला होता आणि तो न्याय्य होता. बाईंनी तो नाकारला. "पानावर पैसे मिळाले तर मी पानं उलटायला लागेन. माणूसच आहे मी. नको." 'श'च्या मध्यावर त्यांनी काम थांबवलं. कुठल्या ओळीपर्यंत वाचलं आहे त्याची खूण करून ठेवली, सुई रुमालात गुंडाळून पिशवीत घातली, आणि जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या. मला काही बोलायचं होतं. त्या म्हणाल्या, "थोडक्यात."

शब्दकोश बाहेर पडला तेव्हा मी एक प्रत घेऊन वारज्याला त्यांच्याकडे गेलो. वरती घराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, खाली वाचनालयात असतील. वाचनालय म्हणजे सोसायटीने तळघरातल्या पार्किंगशेजारच्या एका बिनखिडकीच्या खोलीत दोन कपाटं आणि एक टेबल टाकलं होतं. वीज वाचावी म्हणून दिवा आपोआप चालणारा, कोणी हललं की लागणारा.

बाई टेबलाशी बसल्या होत्या. समोर आमचाच नवा शब्दकोश. विकत घेतला होता. 'श'पाशी उघडलेला, ओळीखाली सुई आडवी. मी दारात पाऊल टाकलं तशी त्यांनी मान वर न करता सुई उभी केली. मी होतो तिथेच थांबलो.

ओळ संपली. सुई आडवी झाली, पण "हं, बोला" आलं नाही. पुढची ओळ सुरू झाली. दारात कोण आलं आहे हे त्यांनी पाहिलंच नसावं. त्या हलत नव्हत्या, आणि त्यांना पाहून मीही हललो नाही. थोड्या वेळाने दिवा गेला. पार भुयारी काळोख. त्यात खुर्चीची करकर नाही, सुस्कारा नाही, पान उलटल्याचा आवाज नाही. त्या ओळीवर थांबून होत्या, उजेड येण्याची वाट पाहत.

मी हात वर केला आणि हलवला. दिवा लागला. सुई जिथे होती तिथेच होती.

मग मी प्रत काखेत धरून दाराला टेकलो, आणि बाईंचं पान होईपर्यंत अधूनमधून हात हलवत राहिलो.